बिनवासाचं घर

त्यांना सगळे नाकमास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. दिवसभर ते विमा कंपनीत फायली इकडच्या तिकडे करायचे आणि महिन्यातून एक-दोन संध्याकाळी लोकांना व्हिस्की कशी चाखायची ते शिकवायचे. चाखायची हं, प्यायची नाही. प्यायला शिकवावं लागत नाही, ते ज्याचं त्याला येतं, असं ते सुरुवातीलाच सांगायचे आणि पहिल्या रांगेला हसवून घ्यायचे.

या नादाला ते लागले एका मित्रामुळे. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं तेव्हा तो त्यांना अशा एका बैठकीला ओढून घेऊन गेला. यजमानाने ग्लास फिरवले आणि विचारलं, कशाचा वास येतोय? कोणी म्हणालं मस्त, कोणी म्हणालं कडक. आमचे मास्तर नाक ग्लासात घालून हुंगत राहिले आणि म्हणाले, नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा, आणि तिच्यामागे संत्र्याच्या सालीचा. यजमान त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. त्या दिवसापासून मास्तरांना कळलं की देवाने आपल्याला रूप दिलं नाही, पैसा दिला नाही, पण नाक दिलंय. एकदा घेतलेला वास ते विसरत नसत. दहा वर्षांपूर्वी चाखलेल्या बाटलीचं नाव ते डोळे मिटून सांगायचे, आणि ते खरं निघायचं.

पुढे ते स्वतः बैठका घेऊ लागले. आधी घरच्या पुढच्या खोलीत, मग वह्या-पेन्सिलींच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. लांब टेबलावर पांढरं कापड, प्रत्येकापुढे निमुळत्या तोंडाचे ग्लास, पाण्याचे थेंब टाकायला ड्रॉपर, जीभ साफ करायला कोरड्या पावाचे तुकडे आणि थुंकायला एक स्टीलचं भांडं. नवीन माणूस त्या भांड्याकडे बघून हमखास म्हणायचा, एवढी महागाची आणि थुंकायची? मास्तर म्हणायचे, मग गिळा, पण घरी जाताना गाडी बायकोला चालवू द्या.

मास्तर मजेत बोलायचे, पण एका बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. अत्तर लावून कोणी आलेलं त्यांना खपत नसे. एकाच्या अंगाला सुगंध असला की सगळ्या खोलीची व्हिस्की बिघडते, असं त्यांचं म्हणणं. ते दारातच उभे असायचे आणि येणाऱ्याला नमस्कार करता करता हुंगून घ्यायचे. एका बँकेच्या मॅनेजरला त्यांनी कानामागे साबण लावून यायला बेसिनवर पाठवलं होतं. बिचारा शर्टाची कॉलर भिजवून आला आणि मुकाट्याने बसला.

आता जे हॉलमध्ये, तेच घरात. घरी साबण बिनवासाचा. कपडे धुवायचे ते नुसत्या सोड्यात. पावडर नाही, क्रीम नाही, फुलदाणीत फुलं नाहीत, आणि बैठकीच्या दिवशी कांदा परतायचा नाही. घरी येणारे म्हणायचे, मास्तर, तुमच्या घरात शिरलं की स्वच्छ पाण्यात शिरल्यासारखं वाटतं. मास्तरांना ते ऐकून बरं वाटायचं. हे सगळं सांभाळायची मात्र त्यांची बायको.

बायको म्हणजे अगदी नाकासमोर चालणारी. पडदे शिवून देणाऱ्या एका दुकानात ती मशीनवर बसायची. सकाळी जायची, दिवेलागणीला परत यायची. बैठकीचे ग्लास तीच धुवायची, फक्त कोमट पाण्याने, आणि कपाटात न ठेवता कापडावर उपडे घालायची, कारण कपाटाचा वास काचेला लागतो. एकेक रिकामा ग्लास नाकाशी धरून ती बघायची आणि म्हणायची, "अहो, स्वच्छ आहे." मास्तर तिच्या या शब्दावर डोळे झाकून विसंबायचे. बायकोवर त्यांचा जीव होता, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. मूल नव्हतं. ही दोघं आणि ते ग्लास, एवढाच संसार.

ती गेली, ते फार हाल न होता गेली, असं सगळे म्हणाले. हॉस्पिटलमध्ये शेवटचे काही दिवस तिच्या अंगाला फिनेलचा आणि औषधांचा वास यायचा. मास्तर उशाशी बसून तिचा हात धरायचे आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं नाक नकोसं वाटायचं. मग ती गेली. काही महिने त्यांनी बैठका बंद ठेवल्या. मग लोकांनीच आग्रह केला, घरात बसून काय करणार, या की. म्हणून पुन्हा हॉल उघडला.

त्या पहिल्याच बैठकीत एक निवृत्त इंजिनड्रायव्हर आला होता. जुना मेंबर, तोही बायको गेलेला. मास्तरांनी नेहमीसारखा प्रश्न टाकला, काय आठवतंय वास घेऊन? सुचेल ते म्हणा, यात चूक काही नसतं. ड्रायव्हर ग्लास हातात धरून बसला होता. म्हणाला, "आमच्या हिचं कपाट उघडल्यावर असंच येतं मास्तर. अजून येतं. मी रोज उघडतो आणि लगेच लावून घेतो, उडून जाऊ नये म्हणून." आणि तो मोठा माणूस सगळ्यांदेखत रडायला लागला. शेजारच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मास्तरांनी पुढची बाटली उघडली, चार शब्द बोलले, पण त्यांचं चित्त काही तिथे नव्हतं. आपल्याला हे इतके दिवस सुचलं कसं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

घरी जाऊन त्यांनी चपला काढायच्या आधी बायकोचं कपाट उघडलं. स्वेटर तोंडाला लावला. सोडा. दुसरा लावला. सोडा, आणि थोडं लाकूड, तेही कपाटाचंच. उशी हुंगली, तिचा टॉवेल हुंगला, चपलांची जोडी हुंगली. माणूस हसेल हो, पण त्यांना हसायचं भान नव्हतं. ज्या नाकापुढे लोक हात जोडायचे, त्याला स्वतःच्या घरात स्वतःची बायको सापडेना. पुढचे कितीतरी दिवस ते ऑफिसातून आले की शोधत बसायचे. पर्स, छत्री, हिवाळ्यातले हातमोजे. सगळं कसं लख्ख. त्यांच्याच नियमाप्रमाणे लख्ख.

"मला दुसरं काही नको," ते ड्रायव्हरला म्हणाले. "तिचा वास एकदा यायला हवा. एकदा आला की माझ्याकडे राहील, मी विसरत नाही."

अशात एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. पडद्यांच्या दुकानातल्या बाई आल्या होत्या, ज्या त्यांच्या बायकोच्या शेजारच्या मशीनवर बसायच्या. हातात कागदाची पिशवी होती. म्हणाल्या, "तिचा कामाचा कोट खुंटीलाच राहिला होता. म्हटलं, तुम्हाला आणून द्यावा." मास्तरांचा जीव नुसता धावला. त्यांनी पिशवी जवळजवळ हिसकावून घेतली, निळा सुती कोट बाहेर काढला आणि नाकाशी नेला.

अत्तर. फुलांचं, गोडसर, आणि चांगलं पक्कं मुरलेलं.

मास्तरांनी तोंड फिरवलं. पहिल्या वासावर जाऊ नका, थांबा, ग्लास पुन्हा जवळ आणा, दुसऱ्यांदा जे येतं ते खरं, हे ते हॉलमध्ये प्रत्येक वेळी सांगत आले होते. पण इथे त्यांना थांबवेना. एवढी आशा लावून हे काय हातात आलं, म्हणून त्यांना रागच आला.

"बाई, तुमची काहीतरी गल्लत झालीय," ते म्हणाले. "हा तिचा नाही. माझी बायको अत्तर लावत नव्हती."

बाई गोंधळल्या. "अहो, तिच्याच खुंटीला होता."

"खुंटीला कोणीही अडकवेल. वासाच्या बाबतीत मला सांगू नका."

त्यांच्यापुढे कोण बोलणार? बाईंनी कोट घडी घालून पिशवीत ठेवला, सॉरी म्हणाल्या आणि गेल्या. मास्तरांनी खिडक्या उघडून खोली मोकळी केली.

त्यानंतर काही दिवसांनी धाकटी मेव्हणी आली, बहिणीचे कपडे आवरायला. बहिणी-बहिणींचं फार सख्य होतं. दोघी दर आठवड्याला भेटायच्या, मेव्हणीकडेच. मेव्हणी घड्या घालत होती आणि मास्तर खुर्चीत बसून बोलत होते. बोलता बोलता त्यांनी कोटाची हकीकत सांगितली. लोकांना कशाचं काही नसतं बघ, म्हणाले, कोणाचा तरी अत्तरात बुडवलेला कोट आणून माझ्या हातात दिला.

मेव्हणीचे हात थांबले. "निळा होता का?"

"निळा."

"भाऊजी, तो ताईचाच."

मास्तर हसायला गेले. तिच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू तिथेच राहिलं.

"ताईला वास फार आवडायचे हो," मेव्हणी म्हणाली. "लहानपणापासून. तुमच्या घरी पहिली बैठक झाली ना, नवीन लग्न होतं तुमचं, तेव्हा ती जरा नटली होती. अत्तर लावलं होतं. तुम्ही चारचौघांत म्हणालात, कोणाच्या अंगाला हा वास येतोय, आधी धुवून या. ती आत गेली, मान घासून आली आणि सगळ्यांना पाणी वाढलं. तुम्हाला आठवतही नसेल."

मास्तरांना खरंच आठवत नव्हतं.

"ती रागावली नव्हती हं तुमच्यावर. म्हणायची, त्यांचं कामच आहे ते. पण अत्तर काही सोडलं नाही. बाटली दुकानात ठेवायची. सकाळी गेल्या गेल्या लावायची, दिवसभर तो कोट घालायची आणि निघताना हात-मान बिनवासाच्या साबणाने धुवून घरी यायची. दुकानातून माझ्याकडे यायची तेव्हाही लावून यायची आणि जाताना तशीच धुवून जायची." मेव्हणीने हातातली घडी बाजूला ठेवली. "आम्हाला ताई म्हटलं की तो वासच आठवतो, भाऊजी. तुम्हाला बाटली हवी तर मी आणून देते. अजून मिळते बाजारात."

मास्तरांनी नको म्हणून मान हलवली. बाटली घेऊन काय करायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? एकाच भट्टीची दारू दोन पिंपांत भरली तर दोन निरनिराळ्या व्हिस्की निघतात, हे लोकांना सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. बाटलीत अत्तर मिळालं असतं. अंगावर मुरलेलं, घामाबरोबर, सुताच्या धुळीबरोबर, तिच्याबरोबर मुरलेलं, ते फक्त त्या कोटात होतं. मेव्हणी जायची वाटही न बघता ते उठले. सदरा उलटा घातलाय हेसुद्धा रस्त्यात कोणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

दुकानात मशिनी चालू होत्या. जमिनीवर कापडाच्या चिंध्या, भिंतीला एका ओळीत खुंट्या. त्यांतली एक रिकामी. मास्तरांना दारात पाहून बाईंनी मशीन थांबवली.

"तो कोट," मास्तर म्हणाले. "तिचाच होता. माझी चूक झाली. तो मला द्या."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, तिचा नाही म्हणून. मी धुतला हो. गरम पाण्यात, दोनदा धुतला, वास जाईना म्हणून. नवीन मुलगी आलीय, तिला दिला."

पलीकडच्या मशीनवर एक मुलगी बाह्या दुमडून पडद्याला चुण्या घालत होती. अंगात निळा कोट. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे ओळखून ती उठली आणि घाईघाईने बटणं काढायला लागली. मास्तरांनी हाताने तिला बस म्हणून सांगितलं. बाईंनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. ते ग्लास हातात धरून बसून राहिले.

पिशवीतून कोट काढला तो क्षण ते पुन्हा पुन्हा आठवून पाहत होते. फुलं होती, गोडवा होता. त्याच्यामागे काय होतं? काहीतरी होतं, नक्की होतं. तिथपर्यंत पोचायच्या आतच त्यांनी तोंड फिरवलं होतं. जगातल्या सगळ्या बाटल्या त्या नाकाला पाठ होत्या आणि हे एवढं काही केल्या येत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"कसा होता हो तो वास?" त्यांनी विचारलं.

"आता तो कसा सांगायचा?"

"सुचेल ते सांगा. यात चूक काही नसतं."

बाईंनी थोडा विचार केला. "आमची मान खाली असायची मशीनवर. बघायची गरज नसायची. ती कोट चढवून जागेवर आली की कळायचं, आली म्हणून. मग सगळ्या जणी जरा बोलायला लागायच्या." त्या थांबल्या आणि त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "पण हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही एवढी वर्षं संसार केलात. तुम्हाला तर तो पाठच असेल."

"मला तो एकदाच आला."

"कधी?"

"तुम्ही घरी घेऊन आलात तेव्हा," मास्तर म्हणाले. "तुमच्यासमोरच. आणि मी तुम्हाला म्हटलं, हा तिचा नाही."