खोचलेला पेन ड्राइव्ह

दीप्तीनं जुना लॅपटॉप भंगारात काढला, तेव्हा तिच्या बापानं, दशरथनं, तो मागून घेतला. "विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकतो. रविवारी येशील तेव्हा चालू दिसेल," असं मुलीला ठणकावून सांगितलं. धाकट्या डहाणूत त्यानं जन्मभर मासेमारीच्या होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या ओढल्या होत्या. एकच लादी दोनदा ओढावी लागली, की त्याचं डोकं फिरायचं.

रविवारी सकाळी त्यानं पेन ड्राइव्ह लावून लिनक्स टाकलं. शेवटी इंग्रजीत काहीतरी सूचना आली. ती न वाचताच त्यानं एंटर दाबलं. लॅपटॉप बंद होऊन सुरू झाला आणि पुन्हा पहिलाच प्रश्न आला: भाषा निवडा. त्यानं सगळं परत केलं. पुन्हा तेच. आणखी एकदा केलं, तरी तेच.

"डबडं आहे हे!" तो ओरडला.

अंगणात बोंबील वाळत घालणारी त्याची बायको प्रभा आत डोकावली. "अहो, ते बोटभर काय खोचलंय, ते अजून आतच? नांगर न उचलता होडी हाकताय का?"

दशरथनं रागानं पेन ड्राइव्ह उपटला आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. निळा पडदा उघडला, कोपऱ्यात घड्याळ दिसलं. म्हणजे काम पहिल्याच खेपेला झालं होतं; न वाचलेली सूचना ड्राइव्ह काढायला सांगत होती, आणि तो आत असेपर्यंत लॅपटॉप त्यावरूनच सुरू होत होता.

एवढ्यात दीप्ती दारात आली. "चालला की, बाबा!"

"सकाळीच चालला असता," दशरथ गुरगुरला. "मीच चालू देत नव्हतो."