फवारणीची फाइल

आमच्या ऑफिसात किस्से फायलींसारखेच साचायचे. फरक एवढाच, की फाइल कधीतरी बंद होते! नव्वदच्या दशकात मी शारजात एका सुदानी वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होतो, हिंदी-मराठीवाले क्लायंट आले की दुभाष्याही. त्यातली ही एक फाइल.

रत्नागिरीचे रफिकभाई एका फार्मवर भाजीवर औषध मारायचे. ऑफिसात आले तेव्हा बोटं इतकी थरथरत होती, की शर्टाचं बटण लागेना. त्यांच्याबरोबर औषध मारणारा जोडीदार तर हॉस्पिटलात होता. मी चहा पुढे केला, तर संशयाने माझ्याकडेच बघायला लागले.

"भाऊ, तुम्ही आमचे की कंपनीचे?"

"तुमचाच!"

"मग आधी तुम्ही प्या."

मी घोट घेतला. मग त्यांनी कप घेतला, दोन्ही हातांनी धरून.

*

साहेबांनी औषधाचा डबा मागवला. फार्मचा मॅनेजर डबा घेऊन आला, पण लेबल गायब!

"साब, धूप में निकल गया."

आम्ही गोदामात जाऊन पाहिलं, तर सगळेच डबे कोरे. साहेबांनी वर बघितलं आणि मला इंग्रजीत एवढंच विचारलं, "छप्पर कधी घातलं, विचार जरा."

*

मग ट्रेनिंगचा कागद आला. 'औषध कसं वापरायचं ते समजलं' असं लिहून खाली अकरा कामगारांच्या सह्या, सगळ्या एकाच वळणाच्या. रफिकभाईंनी आपलं नाव माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "ही माझी सही? अहो, मी अंगठा देतो!"

*

इन्स्पेक्शनच्या दिवशी कामगारांना नवे कोरे मास्क. "रोज पहनते हैं!" मॅनेजरने छाती पुढे काढून सांगितलं. रांगेतल्या शेवटच्याने मास्क कपाळावर बांधला होता.

*

शेवटी ते औषध बंद करायचा हुकूम निघाला आणि दोघांचा इलाज कंपनीच्या माथी आला. रफिकभाईंची बोटं पुरती थांबली नाहीत, पण बटण लागायला लागलं.

खरी गंमत सुनावणीच्या सकाळची. लेबर ऑफिसात मॅनेजर समोसा खात खात आला, मागून अधिकाऱ्यासाठी काकड्यांची पेटी. "फ्रेश है साब, आज ही फार्म से आई! और दवा? वो तो पानी जैसी है."

मी अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने पेटीतली एक काकडी उचलली, हुंगली आणि मॅनेजरसमोर धरली.

"तफद्दल, हबीबी. आधी तू खा."

मॅनेजर एक पाऊल मागे सरकला.

"साब, आज मेरा उपवास है," तो म्हणाला आणि उरलेला अर्धा समोसा त्याने हळूच खिशात घातला.