जावयाच्या परवानगीचं पाणी

सांडोरला आमच्या चार घरांची मिळून एक विहीर आहे. चारही घरं एकाच भाऊकीची, म्हणजे कुणाचा कुणावर विश्वास नाही. पूर्वी पाण्याच्या पाळ्या तोंडी चालत. कुणाकडे लग्न निघालं की बाकीचे आपली पाळी सोडून देत. मांडवाच्या घरी पाणी जास्त लागतं, हे कुणाला सांगावं लागत नसे. भांडणंही होत, पण ती बांधावर होत आणि संध्याकाळपर्यंत मिटत.

मग समाजमंदिराच्या खोलीत कॉम्प्युटर आला. आता पंप त्याच्या हुकमाने चालतो आणि कोणत्या घराचा व्हॉल्व्ह उघडायचा तेही तोच ठरवतो. पंपाचं हाताने दाबायचं बटण ठराव करून काढून टाकलं, कारण हात चोरी करतात. प्रश्न एकच उरला, कॉम्प्युटरचा मालक कोण? त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. पाळ्या बदलायच्या तर त्यानेच बदलायच्या, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. एका घरातला माणूस नेमला तर उरलेली तीन घरं रुसणार. यावर दोन सभा झाल्या. शेवटी माझ्या धाकट्या दिराने तोडगा काढला. मधल्या दिराची मुलगी कामणला दिली आहे, तिचा नवरा तिथे गोडाउनमध्ये कॉम्प्युटरवर बसतो. त्याला करू. जावई सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही.

मी म्हटलं, "मग पोरीलाच करा की. शिकलेली आहे ती."

"वहिनी, दिलेल्या मुलीचा विहिरीवर काय हक्क?"

तिच्या नवऱ्याचा कसा, ते मी विचारलं नाही. मी चौथी शिकलेली, आणि ते सभेत बसलेले.

यंदाच्या वैशाखात मधल्या दिराच्या मुलाचं लग्न झालं. रीतीप्रमाणे मी माझ्या दोन पाळ्या सोडल्या. पंपावर देखरेखीला एक माणूस ठेवला आहे, त्याला सांगितलं, माझं पाणी लग्नघरी जाऊ दे. सोडलेली पाळी दुसऱ्या घराला देण्यापुरतं त्याच्या हातात आहे, त्याने तसं केलं. लग्न पार पडलं. तिसऱ्या पाळीला मी फावडं घेऊन वाडीत उभी राहिले. नुकतेच केळीचे ऐंशी मुनवे, म्हणजे कोंब, लावले होते. केळीच्या मुनव्याला वैशाखात पाणी चुकलं तर तो आठवडाभरात माना टाकतो. पाटाला थेंब आला नाही.

खोलीवर गेले. पंपावरचा माणूस खाडीकडच्या गावातला, पन्नाशीचा, शांत. तो म्हणाला, "काकी, तुमचं पानी बंद झालंय."

"कुणी केलं?"

त्याने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "तुम्ही दोनदा पानी घेतलं नाय, म्हणून याने तुमचं घर बंद धरलं. उघडायला गेलो तर म्हनतो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी पायजे."

"त्याला सांग, घरात माणूस जिवंत आहे."

"सांगितलं तरी तेच म्हनतो."

मी धाकट्या दिराकडे गेले. तो झोपाळ्यावर बसला होता. ऐकून घेतलं. मग त्याच्याकडूनच कळलं, जावई रुसला होता. लग्नात त्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं. मेहुण्याच्या लग्नात, सासरच्या दारात, दुसरी पंगत.

"आता त्याला नुसता फोन करून चालणार नाही," दीर म्हणाला. "दोघंजण जाऊन रीतसर बोलावू. रविवारी जेवायला."

त्या दिवशी मंगळवार होता. "रविवारी मुनव्यांच्या तेराव्याचंच जेवण घाला मग," मी म्हटलं आणि घरी येऊन स्वतःच फोन लावला.

जावई म्हणाला, "मावशी, मी त्या कामातून मन काढून घेतलंय. तुमच्याकडे मोठी मोठी माणसं आहेत."

"बापू, दुसऱ्या पंगतीला जिलबी संपली होती का?"

"नाही."

"भात कच्चा होता?"

"प्रश्न जेवणाचा नाही, मावशी."

"मग माझा पाण्याचा आहे."

त्याने फोन ठेवला. मग मी पुतणीला लावला. ती आधी भरपूर हसली.

"काकी, त्यांना काय विचारता? ते सगळं मीच तर बसवलंय. ते शेजारी बसून चहा पीत होते. पासवर्डही माझाच. उद्या सकाळी खोलीवर जा आणि मला फोन लावा."

बुधवारी सकाळी पंपावरच्या माणसाच्या कानाला मी फोन लावून धरला. तिकडून ती सांगत होती, पडद्यावरच्या पंपाच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' दिसेल ते दाबा. पासवर्ड तिने सांगितला. तो इथे लिहीत नाही, तेवढी अडाणी मी नाही. मग पडद्यावर चौकट आली. तो वाचून म्हणाला, "इचारतोय, बदल करू द्यायचे का?"

"कुणाला विचारतोय?"

"आपल्यालाच."

या विहिरीच्या बाबतीत मला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. "हो म्हण," मी म्हटलं. तासाभराने पाट भरून वाहत होता.

मी कुणाला सांगितलं नाही. पंपावरचा माणूसही बोलला नाही, त्याला नोकरी करायची आहे. दोन्ही दीर गुरुवारी कामणला जाऊन हात जोडून आले. रविवारी कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, आणि जावई पहिल्या पंगतीत, पाटावर. जेवण झाल्यावर सगळे त्याला घेऊन खोलीवर गेले. तो खुर्चीवर बसला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "झालं, उघडलं." बुधवारपासून उघडंच होतं. वाटेत सगळ्यांच्याच पायाखाली पाटाचा चिखल आला, पण खाली बघितलं कुणी नाही.

पुतणी आणि मी मागे भांडी घासत होतो. धाकटा दीर हात पुसत आला.

"बघितलंत वहिनी? रीतीने केलं की काम होतं."

पुतणीने टोपात तोंड घातलं. मी म्हटलं, "खरं आहे, भावोजी. ती राख जरा इकडे सरकवा."

ऐंशीपैकी सहा मुनवे गेले. मंगळवारी ते हिरवे होते. त्यांच्या जागी खड्डे काढून ठेवले आहेत, बुधवारी पाळी आहे.