कोपऱ्यातला सहावा कान

ताईला बघायला बोरिवलीहून मंडळी आली तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, "हातकामाची आवड आहे का?" ताई तोंड उघडायच्या आत आमच्या आईने सांगून टाकलं, "आहे ना. टॅटिंग करते, फार सुरेख."

टॅटिंग मी करत होते. ताईने शटल कधी हातातही धरलं नव्हतं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि त्या ट्रेवरच्या रुमालाला मीच केलेली लेस होती. आईने ती कौतुकाने दाखवली. ताईने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली मान घातली. लाजली, असं पाहुण्यांना वाटलं असणार.

लग्न ठरलं. आता रुखवतात टॅटिंग ठेवणं भागच होतं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत आईने फर्मान काढलं की एक मोठा टेबलक्लॉथ, चारी बाजूंनी लेस, आणि ताईने निदान थोडं तरी शिकून घ्यावं. शिकवणार मी.

टॅटिंगला लागतं फार थोडं. बोटभर लांब, दोन्हीकडे निमुळतं असं प्लास्टिकचं शटल, त्यात गुंडाळलेला दोरा आणि दोन हात. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा वेढा घ्यायचा, उजव्या हाताने शटल त्यातून खालून-वरून काढायचं. खरी मेख पुढे आहे. शटलचा दोरा ताठ ओढून धरायचा आणि गाठ वेढ्याच्या दोऱ्याची पडू द्यायची. ती उलटी पडली तर वेढा आवळतच नाही, कडी बंद होत नाही. अशा कड्या एकमेकींना जोडत गेलं की लेस होते. प्रत्येक कडीच्या कडेला दोऱ्याचे बारीक फास सोडतात. शाळेतल्या शिवणाच्या बाई त्यांना कान म्हणायच्या, म्हणून आम्हीही कानच म्हणायचो. माझ्या नमुन्यात कडीला पाच कान होते. आणि कडी एकदा आवळली की आवळली. क्रोशासारखं ओढून उसवता येत नाही, कात्रीच लावावी लागते.

ताईची गाठ आठवडाभर उलटीच पडत राहिली. शेवटी तिने शटल माझ्या मांडीवर टाकलं. "माझी वाट लागलीय. तूच कर ना गं."

मी केलं. कॉलेजातून आले की खिडकीशी बसायचं आणि दिवेलागणीपर्यंत कड्या घालायच्या. दोऱ्याने करंगळीला चीर पडली, तिथे चिकटपट्टी लावून बसले. याबद्दल माझी तक्रार नव्हती, काम मला आवडायचं. पण कुणी आलं की आई लेस उचलून म्हणायची, "बघा आमच्या मोठीचं काम," आणि मी शेजारी शटल हातात घेऊन बसलेली असायची. तेव्हा मला आईचा राग यायचा, आणि ताईचा त्याहून जास्त, कारण ती गप्प बसायची.

शेवटचा कोपरा राहिला होता त्या दिवशी आईने पुठ्ठ्याची कार्डं आणून माझ्यापुढे ठेवली. माझं अक्षर चांगलं, म्हणून रुखवतातल्या वस्तूंपुढची कार्डं मीच लिहायची. टेबलक्लॉथच्या कार्डावर मी लिहिलं, 'वधूने स्वहस्ते केलेले.' अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. मग खिडकीशी बसले आणि कोपऱ्यातल्या कडीला पाचाऐवजी सहा कान सोडले. हे माझं आहे, एवढं मला कळलं तरी पुरे, असं काहीसं डोक्यात होतं. शुद्ध खुन्नस होती ती. कडी आवळली आणि मला फार बरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये रुखवताच्या टेबलापाशी ताईच्या सासूबाई आल्या, चष्मा लावला आणि लेसवरून बोट फिरवत निघाल्या. त्यांना हातकामातलं कळतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कोपऱ्यात बोट थांबलं. "या कोपऱ्यात सहा का गं?"

आईला प्रश्नच समजला नव्हता, ती नुसती हसत राहिली. ताई मुंडावळ्या सावरत शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे असंच करतात. एका कोपऱ्यात एक जास्त."

"हो का? छान आहे पद्धत," म्हणून त्या पुढे शेवयांच्या तोरणाकडे वळल्या. आमच्याकडे अशी काही पद्धत नव्हती.

दिवाळसणाला ताई माहेरी आली ती पिशवीत नवं शटल आणि दोऱ्याचं रीळ घेऊन. नणंदेच्या लग्नात सासूबाईंना सुनेच्या हातचा टेबलक्लॉथ हवा होता. "या वेळी मला खरंच शिकव," ती म्हणाली. या वेळी तिने शटल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिची गाठ नीट पडली, वेढा ओढल्यावर सरकन बंद झाला. ती माझ्याकडे बघून हसली आणि माझा इतक्या महिन्यांचा राग जवळजवळ गेला.

मग कोपरा कसा वळवायचा ते मी तुकड्यावर दाखवायला घेतलं. ती म्हणाली, "इथे सहा ना?"

"कशाला? पाचच असतात."

"माहितीये. तेव्हा तू चुकली होतीस." ती गाठी मोजत होती, मान वर न करता बोलत होती. "एवढे महिने तू बसलीस, करंगळी चिरून घेतलीस. नाव माझं लागलं ते लागलं. वर तुझ्या कामात भर मांडवात कुणी खोट काढलेली मला नसती चालली. म्हणून सुचलं ते बोलले. आता मात्र जन्मभर सहाच करावे लागणार."

ते मी मुद्दाम केलं होतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पाचव्या कानानंतर तिचा दोरा अडला, तिने हात माझ्यापुढे केला. मी तिची बोटं धरली आणि सहावा कान कसा सोडायचा ते दाखवलं.