पाचव्या मजल्यावरचा धूप

पुण्यातल्या एका काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, मी शेणाच्या गोवरीवर धूप घातला होता. गोवरी घरची, देवळाली प्रवऱ्याहून पिशवीत घालून नेलेली. तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. साठी उलटली होती. अक्कल तेवढी अजून परकरात होती.

जागा आमचीच. ह्यांनी पाटाकडेचा उसाचा तुकडा विकून ते ऑफिस घेतलं होतं. त्या काळी जो तो सांगे, फ्लॅट नको, ऑफिस घ्या, पुण्यात कंपन्यांना जागा पुरत नाही. धाकटे दीर तेवढे म्हणाले, "दादा, जमीन इकून हवेत खोली घेतली व्हय?" ह्यांनी हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य त्यांच्या घशात अडकलं ते अडकलंच.

सुरुवातीला भाडं बिनबोभाट यायचं. मी शेजारणींना ऐकवायचे, "म्हैस भाकड जाते बाई, कंपनी जात नाही." मग करोना आला. पोरं घरून कामं करायला लागली आणि आमची कंपनी किल्ल्या देऊन निघून गेली. माणसं परत ऑफिसात आली, तोवर आजूबाजूला नव्या इमारती उठल्या होत्या. तिथं आयती टेबलं, आयत्या खुर्च्या, खाली कॉफीचं दुकान. आमच्या उघड्याबोडक्या हॉलकडे कोण बघतो?

शेवटी एकदा एजंटचा फोन आला, एक कंपनी जागा बघायला येतेय. हे आदल्या दिवशीच दाढी करून बसले. म्हणाले, "जागा लागली ना, की धाकट्याला तिथं नेऊन चहा पाजणार." त्यांना भाड्यापेक्षा तो चहा हवा होता, हे मला दिसत होतं. पण नेमकी अमावस्या. त्यात इतके दिवस बंद पडलेली वास्तू. धूप घातल्याशिवाय परक्याचा पाय पडायला नको, असं मी ठरवून टाकलं.

"अगं, ते ऑफिस आहे, गोठा नाही."

"तुम्हाला काय कळतंय? खिडकी उघडा."

ती काच उघडणारी नव्हतीच. धूर वर गेला आणि छतावरचं कायसं असं कोकललं, की मला वाटलं शाळा सुटली. सुटलीच म्हणा! सगळ्या मजल्यांवरची माणसं जिन्यानं खाली. लिफ्ट बंद. हे गुडघे धरून एकेक पायरी उतरले. आमचे पाहुणे खाली उभेच होते. त्यांनी माझ्या हातातलं धुपाटणं बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. एजंटनं त्यांना पलीकडची इमारत दाखवली. त्यांनी तीच घेतली.

परतीच्या एसटीत मीच बडबडत होते, "धूप घातला म्हणून काय झालं, ती माणसंच तसली." हे खिडकीबाहेर बघत राहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

पुढं हे अधूनमधून सकाळच्या एसटीनं पुण्याला जायचे. डोळे तपासायला, म्हणायचे. मी चिडवायचे, "किती डोळे आहेत हो तुम्हाला?" आणि भाकरी बांधून द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. जागा तेव्हाही रिकामीच होती.

परवा लेकाबरोबर पुण्याला गेले. एकानं ती जागा घेतलीय. खुर्ची-खुर्ची वेगळी भाड्यानं देणार म्हणे, मंडपवाल्यासारखी. सही करून खाली आले, तर दारावरचा वॉचमन, तोच धुपाच्या दिवशीचा, पुढं झाला. पाथर्डीकडचा माणूस.

"आज्जी, बाबा न्हाई आले?"

मी सांगितलं. त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "लई वेळा यायचे. भाकरी घेऊन वर जायचे, खिडकीपाशी बसायचे, सांजच्याला कुलूप लावून निघायचे. म्या एकदा इचारलं, बाबा, रिकाम्या खोलीत काय करता? तर म्हनले, घरची मनात सवताला दोष देती, तिच्या धुपानं जागा रिकामी ऱ्हायली असं व्हाया नको, म्हनून मीच बसतो."