कापडी झाडामागच्या बाई

ते वर्ष आठवलं की माझं डोकं अजूनही भंजाळतं. आमच्या रत्नागिरीच्या नाट्यमंडळाने त्या साली एकदम तीन नाटकं करायची ठरवली. लागोपाठचे तीन रविवार, दुपारी चार वाजता, शाळेच्या सभागृहात. आधी फार्स, मग संगीत नाटक आणि शेवटी एक रडकं सामाजिक. मंडळात माणसं पंधरा, त्यात बायका चार. मग काय, एकेकीच्या डोक्यावर दोन-दोन, तीन-तीन भूमिका. मी तेव्हा तेवीस वर्षांची, सरकारी कचेरीत टायपिस्ट. फार्समध्ये मोलकरीण, संगीतात राजकन्या आणि सामाजिकात विधवा नणंद. कचेरी सुटली की तालमीला पळायचं आणि दारातच विचारायचं, आज मी कोण?

एकदा तर राजकन्येच्या ऐटीत प्रवेश घेतला आणि राजापुढे उभी राहून म्हणाले, "बाईसाहेब, घासलेट संपलं." राजा झालेले ओव्हरसियर इतके गांगरले की म्हणाले, "बरं, आणा मग." दिग्दर्शकांनी वही आपटली. हे दिग्दर्शक बँकेत अधिकारी होते, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. तालमीतही ते बँकेतल्यासारखेच चष्म्यावरून बघायचे.

पण खरा घोळ याच्या आधीच झाला होता. राजकन्येची भूमिका मुळात माझी नव्हतीच.

ती बाईंची. बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई. शाळेत गायन शिकवायच्या, घरी शिकवण्या घ्यायच्या आणि मंडळाच्या प्रत्येक संगीत नाटकात नायिका व्हायच्या. पंधरा वर्षं. पंचेचाळिशी उलटली तरी राजकन्या त्याच, आणि कुणाची बिशाद नव्हती काही बोलायची. कारण बाई गायला लागल्या की वय-बिय कुणाला दिसायचंच नाही. आमच्या गावातले प्रेक्षक म्हणजे महा खट. गद्य चालू असलं की चहाला बाहेर जातील, पेटीचा सूर कानावर आला की पळत आत येतील. एखादी जागा चुकली तर दुसऱ्या दिवशी मासे घेताना ऐकवतील. अशा लोकांकडून बाई एकेका पदाला दोन-दोन वन्स मोअर घ्यायच्या.

आणि त्या वर्षी भूमिका वाटपाच्या बैठकीत बाई आपणहून म्हणाल्या, "राजकन्या हिला द्या. मी सामाजिकातली सासू करते."

मी तर बघतच राहिले. हिला म्हणजे मला? घरी जाताना विचारलं, "बाई, असं का केलंत?" तर म्हणाल्या, "का गो, नको तुला? नको तर तसं सांग." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खटकत राहिलंच. जी बाई शिकवणीत मला तंबोऱ्याला हात लावू देत नव्हती, ती राजकन्या उचलून देते? ओव्हरसियर म्हणाले, "जपून हो. तुम्ही पडलात की त्या पुढच्या वर्षी मिरवत परत येतील." मला राग आला त्यांचा. पण कानात शिरलेलं काढता येतं थोडंच.

पहिला रविवार फार्सचा. त्यात माझ्या मोलकरणीला तीन अंक नुसतं किंचाळायचं काम. उंदीर दिसला, किंचाळ. मालक दिसला, किंचाळ. लोक हसून लोळले. आणि सोमवारी सकाळी उठले तर घशातून आवाजच नाही! नुसती हवा. आईने ज्येष्ठमध दिला, काढा पाजला, मानेला फडकं गुंडाळलं. गुरुवारपर्यंत बोलता येऊ लागलं, गद्य कसंबसं निभेल इतपत. पण गाणं? दुसऱ्या अंकातलं पद तर सगळं वरच्या पट्टीतलं, त्या पदावरच नाटक उभं. मी रडायला बसले.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिकिटं गेलेली, नाटक पुढे ढकलावं तर सभागृह मोकळं नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. राजकन्या बागेत झाडाला टेकून पद म्हणते, असा प्रसंग होता. कापडावर रंगवलेलं मोठं झाड होतं आमच्याकडे, मागे लाकडी चौकट. तर झाडामागे बाईंनी स्टुलावर बसून गायचं आणि पुढे मी ओठ हलवायचे. बाकीची पदं सरळ कापायची.

"लोक ओळखतील हो आवाज," ऑर्गनवाले मास्तर म्हणाले.

"शिष्या गुरूसारखी गाते असं म्हणतील," साहेब म्हणाले. "काय बाई?"

बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मग म्हणाल्या, "गाते. पण पट्टी खाली घ्या, मास्तर. पांढरी चार."

मास्तरांनी चमकून बघितलं. बाई सदा काळी चारमध्ये गायच्या. "हिच्या तोंडाला तीच शोभेल," असं काहीतरी पुटपुटून बाई उठल्या. झाडामागे बसून तालीम करू म्हटलं तर म्हणाल्या, "मला कसली तालीम? पंधरा वर्षं काय गोट्या खेळत होते?" खरंच होतं ते. आम्ही सगळं ठरवलं. स्टूल कुठे, मी कुठल्या शब्दाला वळायचं, श्वास कुठे घ्यायचा, सगळं. वन्स मोअर आला तर काय, हे मात्र एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. जन्मभर ज्यांनी वन्स मोअर दिले आणि घेतले, त्याच माणसांच्या!

रविवारी सभागृह गच्च भरलं. पडद्याच्या दोऱ्या मिरकरवाड्यातल्या एका खलाशाने बांधून दिल्या होत्या, तोच पडदा ओढायचा, म्हणून त्याची अख्खी आळी पुढच्या रांगांत बसली होती. पहिला अंक गेला. घसा खरखरत होता, पण राजकन्या विरहात आहे असं समजून लोकांनी सांभाळून घेतलं. दुसऱ्या अंकात मी झाडाला टेकले. मास्तरांनी सूर दिला. आणि माझ्या पाठीमागून, वीतभर अंतरावरून, बाई गायला लागल्या.

काय सांगू! इतक्या जवळून मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचा प्रत्येक श्वास माझ्या पाठीला कळत होता. मी ओठ हलवत होते आणि मला क्षणभर खरंच वाटलं की मीच गातेय. अंतऱ्यातला वरचा षड्ज त्यांनी लावला आणि असा धरला, असा धरला, की सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. सूर सुटला तेव्हा मागे काहीतरी घरघरल्यासारखं झालं. बाई रडतायत की काय, असं वाटून गेलं. मग टाळ्या. आणि टाळ्यांतून मिरकरवाड्याच्या रांगेतला खणखणीत आवाज, "वन्स मोअर!"

मग सगळीकडूनच. वन्स मोअर, वन्स मोअर! मी समोरच्या विंगेत बघितलं. साहेब हातवारे करत होते, घ्या घ्या. मास्तरांनी पुन्हा सुरावट वाजवली. मी मान तिरकी केली, ओठ उघडले.

मागे सामसूम.

मास्तरांनी सुरावट परत फिरवली. मी ओठ न हलवता पुटपुटले, "बाई, घ्या ना." काही नाही. कापडाच्या पलीकडे त्या होत्या, स्टूल करकरलेलं मला ऐकू आलं. तिसऱ्यांदा सुरावट आली आणि पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. माझी पाचावर धारण बसली. आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, मी गायले. त्या फाटक्या घशाने. मास्तर देवमाणूस, त्यांनी पट्टी झपकन खाली ओढली, मी सापडेल तिथे सूर धरला आणि नुसतं धृपद कसंबसं ओढून नेलं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "रेकॉर्ड बदलली काय रे?" आणि अख्खं सभागृह हसलं.

अंक पडल्यावर मी रंगपटात धावले. बाई पर्स आवरत होत्या. मी विचारलं, ओरडलेच म्हणा, "का गप्प बसलात? काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "पद तुझं होतं ना? मग तू म्हण," म्हणाल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

पुढचे आठ दिवस मी गावातून तोंड लपवून फिरले. कचेरीतले लोक मला बघून ओठ हलवून दाखवायचे, मेले. पण गंमत बघा, हसू माझं झालं आणि राग मात्र सगळा बाईंवर निघाला. म्हातारीला पोरीचं कौतुक बघवलं नाही, असं जो तो बोलू लागला. साहेबांनी कमिटी बोलावली आणि बाईंना सामाजिकातून काढलं. सासूची भूमिका ऐन वेळी दुसऱ्या एकीने वही हातात धरून केली. बाईंना मंडळातून कमी केल्याचं पत्र गेलं. ते पत्र कचेरीच्या मशीनवर मीच टाइप केलं. टाइप करताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बाईंनी उलट एक अक्षर पाठवलं नाही.

आणि तरी मला उलगडा होईना. मला पाडायचंच होतं, तर पहिल्यांदा इतकं जीव ओतून कशाला गायच्या? खुशाल बेसूर गायच्या की. आणि माझं भलं करायचं होतं, तर असं भर सभेत उघडं पाडतं का कुणी? रात्रंदिवस तेच. घसा सुटला, पण गाणं सुटेना. सूर लावायला तोंड उघडलं की मी थांबायचे, मागून कुणीतरी गाईल म्हणून वाट बघत बसायचे. याला काय म्हणायचं? वेड लागायचीच पाळी.

दोनेक महिन्यांनी, आंबे उतरायला लागले होते तेव्हा, एका दुपारी मी तडक त्यांच्या घरी गेले. भांडायलाच. आज काय ते सोक्षमोक्ष लावायचाच, असं म्हणत आवाराच्या दगडी गडग्याला लागून चालत होते आणि आत शिरायच्या बेड्यापाशी पोचले तर आतून गाणं ऐकू आलं.

तेच पद. बाई स्वयंपाकघरात एकट्याच गात होत्या. खालचे सूर ठीक होते. पंचमाशी आल्या आणि आवाज फाटला. ओलं लाकूड फाटतं तसा. त्या थांबल्या. परत सुरुवात केली. परत पंचमाशी तेच. मी मोजलं नाही, पण पुष्कळदा झालं. शेवटी एक भांडं आपटल्याचा आवाज आला आणि बाई हात पुसत पडवीत आल्या. मी बेड्यावर हात ठेवून तशीच उभी.

"किती वेळ झाला येऊन?" त्यांनी विचारलं.

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. त्यांना कळलं.

"ये आत."

पडवीत बसलो. मी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून. डॉक्टर म्हणाले, घशात गाठ आहे, बारीकशी. जिवाला भीती नाही. पण गाणं विसरा म्हणाले."

"म्हणून भूमिका मला दिलीत?"

"मग काय तुझ्या रूपाकडे बघून?"

मला हसू आलं आणि रडू पण. "अहो, मग झाडामागे बसायला तरी कशाला हो म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं गो." बाई खालच्या जमिनीकडे बघत होत्या. "म्हटलं, एकदा होईल. मग रविवारपर्यंत बोललेच नाही कुणाशी, आवाज साठवून ठेवला होता. एकदा झालंही. वर लावला, बघितलंस ना? आणि मग ते मेले वन्स मोअर ओरडले. मी तोंड उघडलं, तर काहीच नाही आलं. तू पुढून 'घ्या ना' म्हणत होतीस आणि माझ्या घशात काहीच नव्हतं."

मी त्यांचा हात धरला. मला माझीच शिसारी आली. ते पत्र, मशीनवर बोटं बडवत टाइप केलेलं! म्हणाले, "मी उद्याच साहेबांना सांगते. सगळ्या कमिटीला सांगते. तुम्हाला परत—"

"खबरदार!" बाईंनी हात ओढून घेतला. शिकवणीत सूर चुकला की ओरडायच्या तशा ओरडल्या, फक्त आवाज चिरकला. "एक शब्द बोललीस तर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. बाई दुष्ट आहे म्हणतात ना? म्हणू देत. बाईचा आवाज गेला म्हणून चुकचुकत घरी येतील, ते मला नको. मला शहाळं आणून देतील. नको. तुला कुणी विचारलं तर सांग, मुद्दाम केलं."

"पण बाई, हे खोटं आहे."

"मग असू दे."

बरोबर काय, चूक काय, मला तेव्हा कळलं नाही आणि आज हे लिहितानाही कळत नाहीये. बाई गेल्या त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वाटेवर साहेब भेटले, सायकल थांबवून त्यांनी विचारलं, "काय, बाईंकडे गेली होतीस म्हणे? काही बोलल्या का?"

"हो," मी म्हणाले. "मुद्दाम केलं म्हणाल्या."

"बघ," साहेब म्हणाले, "मी सांगतच होतो."

मी मान हलवली.