यरुशलेमवाल्या बाई

सत्यवतीबाईंनी सकाळपासून सातव्यांदा मोबाइल बघितला. सुप्रियाचा फोन नाही की मेसेज नाही. इकडून लावावा तर बंद. लेक यरुशलेमेत एका म्हातारीची देखभाल करते आणि दर रविवारी आईला फोन करते. दोन रविवार कोरडे गेले होते. तिकडे भोंगे वाजतात, लोक तळघरात पळतात, हे बातम्यांत दिसायचं आणि बाईंच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

बरं, कुणाला सांगावं, तर तोंड स्वतःच बांधून घेतलेलं. सुप्रिया गेली तेव्हा बरकतपुऱ्यातल्या चर्चच्या मराठी मंडळीपुढे उभं राहून यांनी उपकारस्तुती केली होती, की प्रभू जिथे चालला तिथे आता माझी लेक चालते. तेव्हापासून चर्चमध्ये त्या ‘यरुशलेमवाल्या बाई’. मंडळीतल्या भामाबाई उठता-बसता कॅनडातल्या आपल्या मुलाचं, अनिकेतचं कौतुक सांगायच्या, त्यांचीही बोलती बंद झाली होती. आता त्याच मंडळीला म्हणायचं, माझ्या लेकीसाठी प्रार्थना करा? जीव गेला तरी बेहत्तर, पण ते काही जिभेवर येईना.

त्यात महिला मंडळाची सहल निघाली, कोठी भागातल्या एका सभागृहात यरुशलेमवरचा माहितीपट बघायला. बाईंना जायचंच नव्हतं, पण नाही गेलं तर लोक कारण विचारणार. व्हॅनमध्ये सगळ्या गाणी म्हणत होत्या. भामाबाईंनी शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला, तर बाई ‘नक्को’ म्हणाल्या आणि पुन्हा मोबाइल बघत बसल्या.

पडद्यावर शहर आलं तशा बायका डोळे टिपू लागल्या. बाईंना मात्र ना प्रभूची कबर दिसत होती ना त्यावरचं देऊळ. त्या मागचे जिने, गॅलऱ्या, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका धुंडाळत होत्या. निळ्या ओढणीतली एक मुलगी कोपऱ्यावरून वळली, तशा त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. मुलगी दुसरीच निघाली. चित्रण पाच वर्षांपूर्वीचं, तेव्हा सुप्रिया अंबरपेठेतल्या दवाखान्यात ड्यूटी करत होती, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं हो. पण डोळे ऐकतील तर शपथ.

दिवे लागले. समाप्तीची प्रार्थना सत्यवतीबाईंनीच करावी, त्यांच्याइतका हक्क कुणाचा, असं सोबत आलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं. बाईंनी पदर डोक्यावर घेतला. हे स्वर्गीय पित्या, या पवित्र शहरासाठी आम्ही तुझे उपकार मानतो, इथवर शब्द सवयीने आले. पुढचे येईनात.

“पवित्र-बिवित्र मला काही कळत नाही, प्रभू,” त्या म्हणाल्या. “अठरा दिवस झाले, माझ्या पोरीचा फोन नाही. मिरवायला तिला पुढे केली मी. ती जिवंत आहे का, तेवढं सांग.”

बाई मटकन खाली बसल्या. आता भामाबाई काय म्हणणार, या धास्तीने त्यांनी मान वर केली नाही. भामाबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात घट्ट धरला.

“माझ्या अनिकेतचा तर चार महिने फोन नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि त्याच्या गावात भोंगेसुद्धा वाजत नाहीत.”